‘रक्षाविसर्जन’ : एका शब्दाची परीक्षा

दहनानंतरच्या विधीला मराठीत दोन शब्द आहेत : घरगुती ‘सावडणे’ आणि वृत्तपत्री ‘रक्षाविसर्जन’. एकाचा अर्थ गोळा करणे, दुसऱ्याचा सोडून देणे. जुन्नर-आंबेगावकडे माणसे ‘सावडायला’ जातात. पुढचे सोडणे त्यात गृहीत असते.

अलीकडे रक्षा कुकडी, मीना वा घोड नदीत न सोडता शेतात खड्डा घेऊन तीत आंब्याचे रोप लावणारी कुटुंबे दिसतात. यास ‘विसर्जन’ कसे म्हणावे, असा आक्षेप संभवतो. तो व्युत्पत्तीवर टिकत नाही. ‘वि’ आणि ‘सृज्’ यांत पाणी कोठेच नाही. तो संकेत गणेशमूर्तींनी दृढ केला. १९६४ साली पंडित नेहरूंच्या रक्षेचा मोठा भाग त्यांच्या इच्छेनुसार विमानातून शेतांवर विखुरण्यात आला, तेही विसर्जनच. शिवाय माणिकडोह आणि डिंभे ही धरणे झाल्यावर या नद्यांचे वाहणेही आवर्तनावर आले आहे.

शब्द अपुरा पडतो तो निराळ्या ठिकाणी. विसर्जन करणारा मागे न पाहता परततो, असे तो शब्द सुचवितो. रोप लावणाऱ्यास उद्या पुन्हा पाणी घालावयास यावयाचे असते. तेथे ‘सावडणे’ अधिक खरे ठरते. बियाणे राखेत घोळून ठेवणाऱ्या घराला ‘राख’ आणि ‘राखणे’ यांचे नाते समजावून द्यावे लागत नाही. तरीही बातमीत छापले जाते ते ‘रक्षाविसर्जन’च, आणि ते वाचून रोपाची कल्पना कोणालाही येत नाही.