एका शाळेचा शोधनिबंध

लंडनच्या रॉयल सोसायटीतर्फे 'बायॉलॉजी लेटर्स' नावाचे जीवशास्त्राचे नियतकालिक निघते. डिसेंबर २०१० मध्ये त्यात 'ब्लॅकॉटन बीज' हा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. ब्लॅकॉटन हे इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातले एक खेडे. तिथल्या प्राथमिक शाळेतल्या ८ ते १० वर्षांच्या २५ मुलांनी 'बंबलबी' या माश्यांवर प्रयोग केले आणि आपले निष्कर्ष लिहून काढले. लेखकांच्या यादीत पहिले नाव आहे 'पी. एस. ब्लॅकॉटन'. ही कोणी व्यक्ती नव्हे. पी. एस. म्हणजे प्रायमरी स्कूल. थोडक्यात, शाळाच या निबंधाची पहिली लेखक आहे!

या निबंधाचे तेव्हा पुष्कळ कौतुक झाले, ते मुख्यतः मुलांच्या वयामुळे. शिक्षकांनी तो वाचावा असे आम्हाला वाटते त्याचे कारण वेगळे आहे. शोधनिबंधात अत्यावश्यक काय असते आणि केवळ रिवाज म्हणून काय येते, हे या निबंधातून फार स्पष्ट दिसते. तेव्हा कौतुक थोडे बाजूला ठेवू आणि इतर कोणत्याही शोधनिबंधाचे करावे तसे याचे परीक्षण करू.

माश्यांपुढचे कोडे

बंबलबी ही मधमाशीच्याच कुळातली, पण अंगाने जाड आणि केसाळ माशी. आपल्याकडे ती मुख्यतः हिमालयाच्या परिसरात आढळते. लाकूड पोखरणारा आपला भुंगा वेगळा. मुलांनी या माश्यांसाठी पारदर्शक प्लास्टिकची पेटी वापरली. पेटीत चार फलक होते. प्रत्येक फलकावर चार ओळींत चार-चार, अशी १६ रंगीत वर्तुळे मागून दिव्याने उजळलेली होती. ही झाली 'फुले'. दोन फलकांवर मधली चार वर्तुळे निळी आणि भोवतालची बारा पिवळी होती. उरलेल्या दोन फलकांवर नेमके उलटे. साखरपाणी फक्त मधल्या चार फुलांत आणि बाहेरच्या बारांत खारट पाणी.

यातली खुबी लक्षात घ्यावी. नुसता रंग पाहून माशीला गोड फूल सापडणार नाही, कारण निळा रंग एका फलकावर गोड तर दुसऱ्यावर खारट. तिला रंग आणि त्या रंगाची मांडणी, दोन्हींची सांगड घालावी लागेल. माश्यांनी फलकाची जागाच पाठ करू नये म्हणून फलकांची मधूनमधून अदलाबदल केली जाई. माश्या ओळखता याव्यात म्हणून त्यांना शाळेच्या फ्रिजमध्ये थोडा वेळ ठेवून सुस्त केले आणि मग त्यांच्या अंगावर रंगाचे ठिपके दिले. त्या वेळी आपण 'माश्यांचा पाय' केला, असा विनोद मुलांनी थेट शोधनिबंधात केला आहे. हा 'पाय' म्हणजे इंग्रजांचा भाजलेला पदार्थ.

माश्या शिकल्यानंतर चाचणी झाली. फलक तेच, पण आता साखरपाणी नाही. १३९ पैकी १२६ वेळा माश्या मधल्या फुलांकडेच गेल्या. म्हणजे सुमारे ९०.६ टक्के वेळा.

पुष्कळ जणांनी इथेच निष्कर्ष लिहून कागद मिटला असता. मुलांनी मात्र स्वतःलाच शंका विचारली. माश्या रंग न पाहता नुसत्याच 'मध्ये जा' एवढा नियम शिकल्या असतील तर? म्हणून दुसऱ्या चाचणीत मधली चार वर्तुळे हिरवी केली. 'मध्ये जा' हाच नियम असता, तर माश्या हिरव्याकडेही तितक्याच खात्रीने गेल्या असत्या. तसे झाले नाही. ११० पैकी फक्त ३४ वेळा त्या मधे गेल्या. आपल्या निष्कर्षाला पळवाटा कोणत्या, हे स्वतःच शोधून त्या एकेक बंद करीत जाणे हा संशोधनाचा गाभा आहे. दहा वर्षांच्या मुलांना तो समजला, हे या निबंधाचे मोठे यश.

जे नाही ते

आता उणिवा. निबंधात पूर्वीच्या संशोधनाचे संदर्भ नाहीत. सांख्यिकी नाही. आकृत्या मुलांनी रंगीत पेन्सिलींनी काढल्या आहेत आणि प्रस्तावनेची सुरुवात परीकथेसारखी आहे. यांपैकी आकृत्या आणि परीकथा यांबद्दल आमची तक्रार नाही. पेन्सिलीच्या आकृतीतून फलकाची रचना नीट कळत असेल, तर आकृतीचे काम झाले. पहिल्या दोन उणिवांकडे मात्र डोळेझाक करता येत नाही.

सांख्यिकी कशाला लागते? १२६ आणि १३९ हे आकडे पाहून योगायोगाची शंका कोणालाच येणार नाही. पण ११० पैकी ३४ चे काय? सोळांतली चार वर्तुळे मधली. माशी डोळे मिटून कुठेही बसली तरी चारातून एकदा, म्हणजे ११० पैकी साधारण २७-२८ वेळा ती मध्ये बसणारच. मग ३४ हा आकडा योगायोगाच्या हद्दीतला की त्यापलीकडचा? हिशेब केला तर तो योगायोगाच्या हद्दीत बसतो. अकरावी-बारावीचे विद्यार्थी हा हिशेब करू शकतील. शिवाय या उड्डाणांच्या नोंदी मूठभर माश्यांच्याच आहेत. एकाच माशीच्या वीस फेऱ्या आणि वीस माश्यांची एकेक फेरी यांचे वजन सारखे नसते. हे मुलांना कळले नाही तर आश्चर्य नाही, पण निबंधात ते कुणीतरी म्हणायला हवे होते.

आणखी एक पळवाट उरली आहे असे आम्हाला वाटते. माश्या हिरव्याकडे गेल्या नाहीत, त्या कदाचित हिरवा रंग त्यांना अनोळखी होता म्हणूनही. निळा आणि पिवळा हे दोन्ही रंग त्यांनी कुठे ना कुठे गोड म्हणून चाखले होते. हिरवा कधीच नाही. तेव्हा 'मध्ये जा' हा नियम माश्या मुळीच शिकल्या नव्हत्या, असे या एका चाचणीवरून ठामपणे म्हणता येत नाही. अशी शंका काढता येते, याचे श्रेयही निबंधालाच आहे. कृती इतकी स्वच्छ लिहिली आहे की हजारो मैलांवरचा वाचक तिच्यावर आक्षेप घेऊ शकतो. मोघम लिहिलेल्या निबंधावर असा नेमका आक्षेप घेताच येत नाही.

संदर्भांचे कारण

निबंध 'बायॉलॉजी लेटर्स'कडे येण्यापूर्वी काही नामांकित नियतकालिकांनी नाकारला होता. मुख्य अडचण संदर्भांची होती. मुलांबरोबर काम करणारे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील मेंदूशास्त्रज्ञ बो लॉटो यांचे म्हणणे असे, की आधीचे शोधनिबंध या वयाच्या मुलांना वाचताच येणार नाहीत अशा भाषेत आहेत आणि मुलांचा प्रश्न त्या वाचनातून आलेलाही नाही. मग उसने संदर्भ कशाला जोडायचे?

हा युक्तिवाद प्रामाणिक आहे. तरीही संदर्भ हा केवळ दिखाऊ शिष्टाचार आहे असे त्यावरून समजू नये. माश्यांना रंग कळतात का, हा प्रश्न कार्ल फॉन फ्रिश यांनी १९१४ च्या सुमारास हाताळला होता. करड्या रंगाच्या अनेक छटांच्या चौकोनांमधून निळा चौकोन मधमाश्या अचूक निवडतात, हे त्यांनी दाखवले. माश्यांच्या वर्तनावरील कामासाठी त्यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. हे ठाऊक असलेल्या वाचकाला मुलांच्या कामात नवे नेमके किती, हे ठरवता येते. ज्याला ठाऊक नाही त्याला येत नाही. संदर्भ म्हणजे आपल्या कामाच्या चतुःसीमा: इथपर्यंत इतरांचे, इथून पुढे आमचे.

संपादकांनी यावर चांगला तोडगा काढला. मुलांचा निबंध जवळजवळ होता तसा ठेवला आणि सोबत लॉरेन्स मलोनी आणि नाताली हेम्पेल या दोन तज्ज्ञांचे भाष्य छापले. त्यांनी पूर्वीच्या संशोधनाशी या कामाचा धागा जोडला, सांख्यिकी नसल्याचे सांगितले आणि प्रयोगाची आखणी मात्र खरोखरच चांगली आहे असा निर्वाळा दिला. आमच्या मते निबंध आणि भाष्य मिळूनच शोधनिबंध पुरा होतो. नुसता निबंध वाचून थांबणारा वाचक अर्ध्यावरच थांबला.

एक गोष्ट मात्र खटकते. ही सवलत मिळाली ती एका विद्यापीठातला शास्त्रज्ञ पाठीशी होता म्हणून. असा शास्त्रज्ञ गाठीला नसलेल्या शाळेचे काम संपादकाच्या टेबलापर्यंत कसे पोचणार? याचे उत्तर ब्लॅकॉटनच्या निबंधात नाही. अपवादाचे कौतुक जरूर करावे, पण त्यावर विसंबून राहू नये.

आपल्यासाठी

आपल्याकडे राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १९९३ पासून भरते. विज्ञान प्रदर्शने त्याही आधीपासून आहेत. शिक्षकही कृतिसंशोधनाचे अहवाल लिहितात. या अहवालांत बहुधा रिवाज सगळे पाळलेले असतात. मुखपृष्ठ, ऋणनिर्देश, उद्दिष्टे, संदर्भसूची, सुबक बांधणी. पण कृती दोन ओळींत उरकलेली असते आणि निष्कर्ष प्रयोगाआधीच ठरलेला असतो. फसलेला प्रयोग तर अहवालात शोधूनही सापडत नाही. ब्लॅकॉटनच्या मुलांनी रिवाज सोडले आणि गाभा राखला. आपण अनेकदा नेमके उलटे करतो. मुलांना यातून हाच धडा मिळतो, की विज्ञान म्हणजे अपेक्षित उत्तर नीटनेटक्या अक्षरात लिहिणे. हे नुकसान मोठे आहे.

ज्या शिक्षकांना खरोखरच एखाद्या नियतकालिकाकडे निबंध पाठवायचा असेल त्यांनी काही गोष्टी पाहाव्यात. लेखनाआधी नियतकालिक निवडावे, त्याचे दोन-चार अंक वाचावेत आणि लेखकांसाठीच्या सूचना शब्दशः पाळाव्यात. लिहायला कृतीपासून सुरुवात करावी. ती एखाद्या सहकाऱ्याला द्यावी आणि काहीही न विचारता त्याला तो प्रयोग करता येतो का ते पाहावे. मग निरीक्षणे, मग चर्चा, आणि प्रस्तावना व सारांश सर्वांत शेवटी. निरीक्षण आणि अनुमान एकाच वाक्यात मिसळू नयेत. ज्यांनी काम केले त्यांचीच नावे लेखक म्हणून द्यावीत. मुख्याध्यापकांचे नाव केवळ मानाखातर घालू नये. एका वेळी एकाच नियतकालिकाकडे निबंध पाठवावा. परीक्षकांचे आक्षेप आले तर प्रत्येकाला क्रमवार उत्तर द्यावे: हे मान्य केले, हे बदलले, हे अमुक कारणासाठी बदलले नाही.

आणि पैसे घेऊन आठवड्याभरात 'स्वीकृत' असे कळवणाऱ्यांपासून दूर राहावे. शुल्क घेणारी सगळीच नियतकालिके खोटी नसतात. काही चांगली नियतकालिके वाचकांना निबंध मोफत मिळावा म्हणून लेखकांकडून खर्च घेतात. पण जिथे कोणी निबंध वाचतच नाही, तिथे छापून येण्याला अर्थ काय? विद्यापीठ अनुदान आयोगाला मे २०१८ मध्ये आपल्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकावी लागली, यावरून या रोगाचा पसारा कळावा. चांगल्या परीक्षकाचा नकार अशा स्वीकृतीपेक्षा कितीतरी उपयोगी, कारण आपला निबंध कोणीतरी बारकाईने वाचला याची ती पावती असते.

ब्लॅकॉटनचा निबंध वरच्या वर्गांतल्या विद्यार्थ्यांबरोबर वाचता येईल. इंग्रजी अगदी सोपे आहे. वाचून झाल्यावर टाळ्या वाजवायला सांगू नये. हिरव्या वर्तुळांची चाचणी अधिक चांगली कशी आखता आली असती, हे त्यांना विचारावे आणि प्रत्येकाने आपली आखणी एका पानात लिहावी. ती पाने मुलांनी आपसांत बदलून तपासावीत. दुसऱ्याच्या पानावरून प्रयोग करता येईल का, एवढा एकच निकष त्यासाठी पुरेसा आहे.