पानपिंपरी, सूर्यप्रकाश आणि कर्करोग : प्रमाणाची चिकित्सा

वनस्पतिज द्रव्यांच्या कर्करोगविरोधी गुणांविषयीचे संशोधन आज विपुल आहे. त्याची चिकित्सा मात्र तितक्या काटेकोरपणे होताना दिसत नाही. अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी आणि अकोला जिल्ह्यातील अकोट या परिसरांत बारी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेली पानपिंपरी या चिकित्सेस उत्तम उदाहरण पुरविते.

पिंपळीच्या वेलीतील पायपरलाँग्युमीन या संयुगासंबंधी अमेरिकेतील संशोधकांचा एक निबंध ‘नेचर’ या नियतकालिकात २०११ साली प्रसिद्ध झाला. हे संयुग कर्कपेशींतील ऑक्सिजनजन्य ताण वाढवून त्यांचा नाश करते व निरोगी पेशींना मात्र फारशी इजा करीत नाही, असे त्यात प्रतिपादिले होते. हा निबंध २०१८ साली मागे घेण्यात आला. त्यामुळे संयुग निरुपयोगी ठरते असे नव्हे. परंतु ज्या पुराव्यावर हा गाजलेला सिद्धान्त उभा होता, तो पुरावा म्हणून यापुढे त्या निबंधाचा आधार घेता येत नाही.

निबंध निर्दोष असता, तरी संयुगाचा गुण तो आहाराचा गुण, असे अनुमान काढता आले नसते. सदाफुली वऱ्हाडात घरोघरी अंगणात फुलते. तिच्यातील व्हिन्क्रिस्टीन व व्हिन्ब्लास्टीन ही द्रव्ये कर्करोगावरील मान्य औषधे होत. तथापि ती शुद्ध करून, मात्रा मोजून, शिरेवाटे दिली जातात. सदाफुलीची पाने खावीत, असा उपदेश कोणी जाणता वैद्यक करणार नाही. पिंपळीला वेगळा न्याय लावण्याचे कारण नाही.

उलट, येथे सावधगिरीचे एक अधिक कारण आहे. पिंपळीत पायपरीनही असते. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय प्रयोगात २ ग्रॅम करक्युमिनासमवेत २० मिलिग्रॅम पायपरीन दिल्यावर, माणसाच्या शरीरात करक्युमिनाची उपलब्धता सुमारे २० पट वाढलेली आढळली. हा गुण म्हणून सांगितला जातो. परंतु औषधांचे विघटन करणाऱ्या यकृतातील ज्या विकरांना पायपरीन रोधू शकते, त्यांपैकीच काहींवर व्हिन्क्रिस्टीनचे विघटन अवलंबून असते. म्हणजे रुग्णाने स्वतःहून घेतलेले चूर्ण औषधाची मात्रा नकळत बदलण्याची शक्यता उरते.

ड जीवनसत्त्वाच्या बाबतीतही हाच तर्कदोष निराळ्या रूपाने आढळतो. अल्प सूर्यप्रकाशाच्या प्रदेशांत आतड्याच्या कर्करोगाने होणारे मृत्यू अधिक, या निरीक्षणावरून गार्लंड बंधूंनी १९८० साली ड जीवनसत्त्वाचा संबंध सुचविला. सूचना मोलाची होती; पण सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘व्हायटल’ चाचणीत २५,८७१ व्यक्तींपैकी निम्म्यांना प्रतिदिनी २,००० एकक ड जीवनसत्त्व देण्यात आले. सुमारे ५ वर्षांनंतरही कर्करोगाच्या प्रादुर्भावात घट आढळली नाही. कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत काही घट सूचित झाली, परंतु ती संख्याशास्त्रीय निकषावर निर्णायक ठरली नाही. हाडांच्या आरोग्यासाठी या जीवनसत्त्वाचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. भर उन्हाच्या प्रदेशांतही त्याची उणीव आढळते, हे ध्यानी घेता ती भरून काढणे अगत्याचेच आहे. तथापि उणीव भरून काढणे ही एक गोष्ट, आणि रोग टाळण्याची हमी देणे ही सर्वस्वी दुसरी.

अकोल्यास १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे. अमरावतीस १९८३ पासून विद्यापीठ आहे. वऱ्हाडातील पिकांविषयी येथे जे संशोधन व्हावे, त्याने चार प्रश्नांची उत्तरे द्यावीत, ही अपेक्षा रास्त आहे : द्रव्य वनस्पतीच्या कोणत्या भागात आहे, किती आहे, सेवनानंतर रक्तात किती पोहोचते, आणि माणसावर त्याची कसोटी झाली आहे काय. यांपैकी शेवटचा प्रश्न अनुत्तरित असताना ‘कर्करोगनाशक’ हे विशेषण योजणे अशास्त्रीय होय. त्या विशेषणाने पिकाचा भाव कदाचित चढेल. परंतु त्यावर विसंबून जो रुग्ण उपचार लांबणीवर टाकील, त्याचा गेलेला काळ कोणत्याही संशोधनाने परत मिळणार नाही.