‘हाण’ म्हणणारा प्रशिक्षक

घोडदळ म्हटलं की आपल्या नगरकरांच्या डोळ्यांपुढे रणगाडाच येतो. चिलखती दलाचं केंद्र इथलं, रणगाड्यांचं संग्रहालयही इथलंच. घोडदळाच्या एकेका रेजिमेंटचे घोडे गेले, रणगाडे आले. आता यंत्र अडलं की बिघाड यंत्रात शोधायचा, हे ठीक. पण हाच हिशेब घोड्याला लावला तर काय होतं, ते आज बघू.

६ ऑगस्ट २०२१, टोकियो ऑलिंपिक. मॉडर्न पेंटॅथलॉनमध्ये जर्मनीची आनिका श्लॉय आघाडीवर होती. या खेळात घोडा चिठ्ठीने मिळायचा, आणि ओळख करून घ्यायला फक्त २० मिनिटं. तिच्या वाट्याला आलेला सेंट बॉय आधीच्या स्वाराकडेही अडला होता. तिच्याकडेही अडला. ती रडायला लागली. बाहेरून प्रशिक्षक किम राइसनर ओरडल्या, जोरात हाण म्हणून; स्वतःही घोड्याला बुक्की मारताना दिसल्या. त्यांना बाद केलं गेलं. श्लॉय ३१वी आली.

नोव्हेंबरमध्ये संघटनेने ठरवलं, पॅरिसनंतर या खेळातून घोडेस्वारीच काढायची. आमच्या मते हे रोग रेड्याला आणि औषध पखालीला! अनोळखी घोड्याचा नियम वाईटच होता, गेला ते बरं झालं. पण शिकवण्याचं काय? २०२४ मध्ये शार्लट दुजार्डिन यांचं जुनं चित्रण बाहेर आलं. ऑलिंपिकची तीन सुवर्णपदकं मिळवलेली ही बाई, शिकवताना शिकणाऱ्याच्या घोड्याच्या पायांवर पुन्हापुन्हा चाबूक मारताना त्यात दिसते. पॅरिसमधून त्यांनी माघार घेतली, पुढे वर्षाची बंदी आली. तिथे ना चिठ्ठी होती, ना २० मिनिटांची घाई.

बघा, दाब सुटला की घोड्याला कळतं. टाच लागली, तो पुढे गेला, की त्याच क्षणी टाच सैल व्हायला हवी. ‘बरोबर केलंस’ हे त्याला तेव्हाच समजतं. भेदरलेल्या घोड्याला मारत राहिलात, तर तो एवढंच शिकतो की अडथळ्याजवळ मार बसतो. पुढच्या वेळी आधीच अडतो. म्हणजे हे क्रूर तर आहेच, शिकवणं म्हणूनही फसलेलं आहे.

अशा वेळी प्रशिक्षकाने म्हणावं, ‘थांब. लगाम सैल सोड. नाही जमत तर उतर.’ पदक जाईल. टोकियोत मारूनही ते गेलंच.

तेव्हा पोराला घोडेस्वारी शिकायला घालाल, तर फी नंतर विचारा. आधी विचारा, घोडा अडला तर तुम्ही पोराला काय सांगता?