टाळ्यांनंतरचा प्रश्न

गावात व्याख्यानमाला आहे असं कळलं, की आपण शिक्षक मंडळी हटकून जातो. बहुतेक ठिकाणी तिकीट नसतं, कुणीही येऊन बसावं. एक दिवस इतिहास, दुसऱ्या दिवशी जगाचं राजकारण, तिसऱ्या दिवशी उद्योगधंदे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. पुढे ही प्रथा मराठी मुलखात चांगलीच रुजली. आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, संगमनेरला, शाहीर अनंत फंदींच्या नावाने व्याख्यानमाला आहे. ज्यांची शाळा लवकर सुटली, त्यांनाही अशा मांडवात जागा असते. हे मोल मोठं आहे, म्हणूनच एक तक्रार मांडावीशी वाटते.

आपली व्याख्यानं उत्तरं देतात, पण प्रश्न विचारू देत नाहीत.

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी आम्ही सहकारावरचं व्याख्यान ऐकलं. विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ, प्रवरेचा कारखाना, १९५०-५१ चा पहिला गळीत हंगाम - वक्त्यांनी सारं रंगवून सांगितलं. टाळ्या आम्हीही वाजवल्या. परतताना सोबतच्या नववीतल्या मुलाने विचारलं, "सर, एक टन उसातून साखर किती निघते? बाकीच्याचं काय होतं?"

आम्हाला सांगता येईना. दीड तासात ते कुणी सांगितलंही नव्हतं.

मग शोधलं. साखर साधारण शंभर किलो किंवा थोडी जास्त. ओलसर चिपाड तीनशे किलोच्या आसपास, ते बॉयलरमध्ये जळतं. थोडी मळी. उरलेलं बहुतांश पाणी, कारण उसात सुमारे ७० टक्के पाणीच असतं. एवढ्या हिशोबाने किती गोष्टी उलगडतात पाहा. शंभर किलो साखरेसाठी टनभर ऊस वाहायचा, शिवाय तोडलेल्या उसातली साखर दिवसागणिक घटते. म्हणून कारखाना शेताजवळच हवा. ऊस पाणी मागतो आणि इथला पाऊस तर तुटपुंजा. म्हणून १९२६ साली पूर्ण झालेलं भंडारदरा धरण आणि त्याचे कालवे या गोष्टीत आधी येतात. माणसांचं कर्तृत्व याने कमी होत नाही, उलट नीट समजतं.

इतिहासाचंही तसंच. नगरच्या किल्ल्यात नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं, या वाक्याला टाळी ठरलेली. पण ते कसं लिहिलं? १९४४ साली, पाच महिन्यांत. सोबत कैदेत असलेल्या मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, नरेंद्र देव, असफ अली यांच्याशी झालेल्या चर्चांचं ऋण नेहरूंनी प्रस्तावनेत मानलं आहे. म्हणजे तुरुंगातही एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, असं नव्हतं.

लंडनमध्ये फॅरडेने मुलांसमोर मेणबत्तीवर व्याख्यानं दिली, १८४८ साली आणि पुन्हा १८६०-६१ साली. तो सांगे ते प्रयोगाने दाखवी. इतिहासाच्या वक्त्याला मेणबत्ती पेटवता येणार नाही, पण नकाशा, नाणं, एखाद्या कागदाची प्रत तर दाखवता येईल?

दोष एकट्या वक्त्यांचा नाही. आपणच शब्दांच्या आतषबाजीला दाद देतो. वसंत व्याख्यानमाला चालवणाऱ्या संस्थेचं नाव 'वक्तृत्वोत्तेजक सभा' आहे. त्या काळी बोलणाऱ्याला उत्तेजन देण्याची गरज होती. आज ऐकणाऱ्याला आहे.

आपल्या हाती दोन गोष्टी आहेत. संयोजकांना सांगावं, की अर्धा तास प्रश्नांसाठी राखा आणि पहिला प्रश्न विद्यार्थ्याला विचारू द्या. आणि दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर दोन रकाने आखावेत: 'काय सांगितलं?' आणि 'कशावरून?' दुसरा रकाना बराचसा रिकामा राहील. तो भरायला मुलं वाचनालयात, कालव्यावर, कारखान्यात गेली, तर व्याख्यान सार्थकी लागलं असं समजावं.