माध्यमिक शाळेतील इंग्रजी : साहित्य आणि भाषांतर

माध्यमिक शाळेत इंग्रजी कशासाठी शिकवावयाची, हा महाराष्ट्रातील जुना प्रश्न होय. मात्र त्याची चर्चा बहुधा एकाच अंगाने झाली. इंग्रजी कोणत्या इयत्तेपासून शिकवावी, एवढाच वाद गाजत राहिला. मुंबई राज्यात बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात तिचा आरंभ आठवीपर्यंत पुढे ढकलण्यात आला. पुढे तो पाचवीवर आला आणि २००० साली, प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, पहिलीवर आला. मोरे हे पिंपरी-चिंचवड परिसरातील नेते. चिंचवडच्या नाट्यगृहास आज त्यांचेच नाव आहे. इयत्तेचा वाद अशा रीतीने संपला. वर्गात काय शिकवावयाचे, हा प्रश्न मात्र अनिर्णितच राहिला.

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, त्यानंतर मोटारींचे व यंत्रांचे कारखाने आले आणि पुढे चाकणच्या माळावरही औद्योगिक वसाहत पसरली. येथील पालकास वाटते की, मुलाला मुलाखत देता यावी, अर्ज लिहिता यावा आणि यंत्रावरील सूचना वाचता यावी, एवढी इंग्रजी पुरे. ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु तिच्यातून एक चुकीचा निष्कर्ष काढला जातो. तो असा की, व्यवहाराची इंग्रजी निराळी व साहित्याची निराळी, आणि कामगाराच्या मुलास दुसरीची गरज नाही. प्रस्तुत लेखात या निष्कर्षाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम यंत्रावरील सूचनाच घेऊ. इंग्रजीत ‘मस्ट’, ‘शुड’ आणि ‘मे’ ही तीन सहायक क्रियापदे अनुक्रमे सक्ती, सल्ला आणि परवानगी अथवा शक्यता दाखवितात. मराठीत ‘शिरस्त्राण घालावे’ हे एकच वाक्य प्रसंगानुसार आज्ञाही ठरते व सल्लाही. जो विद्यार्थी ‘मस्ट’ आणि ‘शुड’ या दोहोंचा अर्थ ‘घालावे’ असा पाठ करतो, तो कारखान्यात सक्तीला सल्ला समजण्याचा संभव आहे. हा भेद केवळ शब्दार्थांच्या यादीने कळत नाही. लेखकाने हाच शब्द का योजिला व दुसरा का योजिला नाही, असे विचारण्याची सवय लागावी लागते. ही सवय लावणे हेच साहित्याच्या अध्यापनाचे खरे कार्य होय.

आजचे अध्यापन ही सवय लावते काय? दहावीच्या परीक्षेत कवितेच्या रसग्रहणाचा प्रश्न असतो. शीर्षक, कवी, यमकरचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना असे त्याचे ठरलेले मुद्दे आहेत. २०१८ साली आलेल्या इंग्रजी कुमारभारतीची पहिलीच कविता रवींद्रनाथांच्या गीतांजलीतील पस्तिसावी होय. ‘यमकरचना’ या मुद्द्यापुढे विद्यार्थी ‘मुक्तछंद’ असे लिहितो व गुण मिळवितो. वस्तुतः नैवेद्य (१९०१) या संग्रहातील मूळ बंगाली कविता यमकबद्ध आहे. १९१२ च्या इंग्रजी गीतांजलीत कवीने स्वतःच यमक सोडून गद्याची लय स्वीकारली. त्याने असे का केले असावे? यमकाबरोबर काय गेले आणि काय उरले? विचारावयाचा प्रश्न हा होता. ठराविक मुद्द्यांच्या चौकटीत त्यास जागा नाही. दोष पाठ्यपुस्तकाच्या निवडीचा नसून, निवडलेल्या कवितेचे काय करावयाचे याविषयीच्या कल्पनेचा आहे.

अशा प्रश्नांस या पट्ट्यात तर आयते साधन उपलब्ध आहे. देहू व आळंदी ही क्षेत्रे या कारखान्यांच्या शेजारीच आहेत आणि तुकारामांचे अभंग येथील अनेक मुलांच्या कानावर इंग्रजी अक्षरांच्याही आधी पडलेले असतात. त्या अभंगांचे इंग्रजी अवतारही आहेत. नेल्सन फ्रेझर व के. बी. मराठे यांचे भाषांतर १९०९ पासून तीन भागांत प्रसिद्ध झाले. फ्रेझर हे मुंबईच्या सेकंडरी ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्य होते, म्हणजे माध्यमिक शिक्षक घडविणे हाच त्यांचा व्यवसाय होता. दिलीप चित्रे यांचे ‘सेज तुका’ १९९१ साली प्रकाशित झाले. एकाच अभंगाची अशी दोन भाषांतरे मुलांपुढे ठेवावीत. विठ्ठलास ‘माउली’ म्हणताना मराठी मनास अडचण पडत नाही. देव पुल्लिंगी, माउली स्त्रीलिंगी, आणि दोन्ही एकच. इंग्रजीत मात्र पुढच्याच वाक्यात ‘ही’ की ‘शी’ हे ठरवावे लागते. ‘आपण’ व ‘आम्ही’ यांतील भेद इंग्रजीच्या एकट्या ‘वी’त बुडून जातो. असे शोधीत गेलेल्या मुलास सर्वनामाचा पाठ निराळा शिकवावा लागणार नाही, आणि मातृभाषेचे सामर्थ्यही त्यास नव्याने उमगेल.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, भाषांतराने विद्यार्थी मराठीतच विचार करीत राहतो. परंतु मराठी वर्गाबाहेर ठेवल्याने ती मनाबाहेर जात नाही. जॉन्सनच्या ‘रासेलस’चे कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आरंभिलेले भाषांतर विष्णुशास्त्र्यांनी पुरे केले. त्याच विष्णुशास्त्र्यांनी १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलच्या स्थापनेत पुढाकार घेतला. त्यांना ही झटापट अहितकारक ठरली नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. या पट्ट्यातील वर्गांत मराठीबरोबरच हिंदी व उर्दू बोलणारी मुलेही असतात, त्यांनी काय करावे? त्यांच्यासाठी कबीर आहे. त्याच्या शंभर कवितांचा रवींद्रनाथांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९१५ सालचा आहे. तत्त्व एकच : ओळखीच्या वचनापासून अनोळखी भाषेकडे जावे.

दहावीच्या प्रश्नपत्रिकेत भाषांतराचा एक लहानसा प्रश्न आहे, परंतु तो सुटे शब्द, वाक्ये व म्हणी यांपुरता आहे. तो वाढवून, दोन भाषांतरांपैकी मूळ अर्थास कोणते अधिक जवळचे व का, असे विचारता येईल. यास नवा विषय लागत नाही, जादा तास लागत नाहीत. मात्र उत्तर आधी ठरलेले नसलेली पत्रिका तपासण्याची शिक्षकाची तयारी लागते. सुधारणेचा आरंभ इयत्तेपासून नव्हे, तर या तयारीपासून व्हावयास हवा.