मितींचे गारूड

हार्वर्ड विद्यापीठातील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक पर्सी विल्यम्स ब्रिजमन यांचा 'डायमेन्शनल ॲनॅलिसिस' हा लहानसा ग्रंथ १९२२ साली येल विद्यापीठाने प्रसिद्ध केला. त्यास आता शंभर वर्षे उलटून गेली. शंभराहून थोडी अधिक पाने, आठ प्रकरणे आणि शेवटी काही उदाहरणे एवढाच त्याचा पसारा. पुढे १९४६ साली ग्रंथकारास नोबेल पारितोषिक मिळाले ते प्रचंड दाबाखाली पदार्थांचे काय होते याविषयीच्या प्रयोगांबद्दल. या ग्रंथाबद्दल नव्हे. तरीही आमच्या मते विचारवंत म्हणून ब्रिजमन यांची खरी ओळख येथेच होते. हा ग्रंथ आम्ही नुकताच पुन्हा वाचला. त्याविषयी दोन शब्द लिहावे असे वाटले याचे कारण असे की, ज्या भ्रमाच्या निरसनासाठी तो लिहिला गेला तो भ्रम आपल्या पाठ्यपुस्तकांत आजही सुखेनैव नांदत आहे.

प्रथम 'मिती' या शब्दाविषयी. जुन्या हुंड्यांवर व पत्रांवर 'मिती कार्तिक शुद्ध' असे लिहीत, तेथे मिती म्हणजे तिथी. येथे तो अर्थ अभिप्रेत नाही. शास्त्रातील मितीचा अर्थ घरातील उदाहरणाने चटकन ध्यानात येईल. नऊ वारांचे लुगडे फुटांनी मोजले तर सत्तावीस भरते. एकक तिपटीने लहान केले, म्हणून आकडा तिपटीने वाढला. परंतु एका चौरस वाराचे सतरंजीचे कापड चौरस फुटांनी मोजा. ते तीन भरत नाही, नऊ भरते. लांबीचे एकक बदलले असता लांबीचा आकडा ज्या प्रमाणात बदलतो, त्या प्रमाणाच्या वर्गाने क्षेत्रफळाचा आकडा बदलतो. 'क्षेत्रफळाची मिती लांबीचा वर्ग' या भारदस्त वाक्याचा अर्थ एवढाच. वेग, बल, ऊर्जा यांच्या मितीही अशाच. मात्र तेथे लांबीच्या जोडीस वस्तुमान व काळ येतात. ही कल्पना पदार्थविज्ञानात आणण्याचा मान फ्रेंच गणिती फूरिए यांच्याकडे जातो; उष्णतेवरील त्यांच्या १८२२ च्या ग्रंथात ती आढळते. ब्रिजमन यांचा ग्रंथ त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी आला.

या शंभर वर्षांत या साध्या हिशेबाभोवती एक गारूड तयार झाले होते. एखाद्या राशीची मिती हे तिचे अंतरंग आहे, तिचे खरे कुलशील आहे, असे मोठमोठे पंडित मानू लागले. विजेच्या राशींची 'खरी' मिती कोणती यावर वाद झडले. ब्रिजमन यांचे म्हणणे थोडक्यात असे: मिती वस्तूत नसते, मोजण्याच्या आपल्या रीतीत असते. आपण कोणत्या राशी मूळ धरतो व इतर राशींचे आकडे त्यांपासून कोणत्या कृतीने काढतो, यावर मिती अवलंबून असते. कृती बदला, मिती बदलेल; निसर्गास त्याचे सोयरसुतक नाही.

हे मत मांडण्यासाठी त्यांनी दुसऱ्या प्रकरणात जो पाया घातला आहे तो आम्हांस सर्व ग्रंथात उत्तम वाटतो. मितीचे सूत्र नेहमी घातांचा गुणाकार का असते? लांबीचा वर्ग, काळाचा व्यस्त, असेच का? ग्रंथकाराचे उत्तर असे की, एक शेत दुसऱ्याच्या दुप्पट आहे हे विधान आपल्याला एककांवर अवलंबून राहू द्यावयाचे नाही. वाराने मोजा की मीटरने मोजा, दुप्पट ते दुप्पटच राहिले पाहिजे. ही एवढी एक मागणी केली की गणिताने सिद्ध होते की, मितीस घातांच्या गुणाकाराखेरीज दुसरे रूप घेताच येत नाही. म्हणजे ज्यास आपण निसर्गाचा नियम समजत होतो तो आपणच घातलेल्या एका अटीचा परिणाम ठरतो. इतके खोल विधान इतक्या थोड्या ओळींत क्वचितच वाचावयास मिळते.

चौथ्या प्रकरणातील एक उदाहरण तर शिक्षकांनी मुद्दाम वाचण्याजोगे आहे. भिन्न मितींच्या राशींची बेरीज करता येत नाही, हा नियम आम्ही सर्वजण वर्गात मोठ्या गंभीरपणे सांगतो. ब्रिजमन एक खाली पडणारा दगड घेतात. त्याचा वेग म्हणजे त्वरण गुणिले काळ. त्याने आक्रमिलेले अंतर म्हणजे त्वरण गुणिले काळाचा वर्ग, यांचे अर्धे. आता ही दोन समीकरणे सरळ एकमेकांत मिळवा: वेग अधिक अंतर बरोबर उजवीकडील दोहोंची बेरीज. हे समीकरण खोटे आहे काय? मुळीच नाही. फूट घ्या, मीटर घ्या, सेकंद घ्या की घटका घ्या, ते खरेच ठरते. आणि तरीही त्यात वेगास अंतर मिळविले आहे! या खोडसाळ समीकरणाने आमच्या नियमाचे सोवळे उतरते. नियम खोटा नाही, पण त्याची जागा आपण समजतो ती नव्हे. दोन राशींमध्ये एकच संबंध असेल तेव्हाच तो लागू पडतो. येथे दोन स्वतंत्र संबंध एका पिशवीत कोंबले आहेत.

या ठिकाणी एक कबुली देणे प्राप्त आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने वर्गात विचारले होते, "सर, पान्याने बोल्ट पिळताना लागणारा टॉर्क आणि ओझे उचलताना होणारे कार्य, दोहोंची मिती एकच येते. मग त्या दोन वस्तू निराळ्या कशा?" आम्ही दिशेविषयी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. मुलगा शहाणा होता; तो गप्प बसला, पण त्याचे समाधान झाले नव्हते हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. ब्रिजमन यांचा ग्रंथ तेव्हाही आमच्या कपाटात होता. मिती सारखी याचा अर्थ एकक बदलले असता दोन्ही आकडे सारखेच बदलतात, याहून अधिक काही नाही. दोन माणसांचे वजन सारखे भरले म्हणून ती माणसे एक होत नाहीत, असे उत्तर त्यास देता आले असते. मिती म्हणजे अंतरंग अशी आमचीच समजूत होती, म्हणून ते सुचले नाही.

आता ग्रंथाच्या गाभ्याकडे वळू. मितींचा उपयोग केवळ समीकरण तपासण्यापुरता नाही. तिच्यामुळे समीकरण न सोडविताही त्याचे रूप कळते. लंबकाच्या झोक्यास लागणारा काळ त्याच्या लांबीवर, गोळ्याच्या वस्तुमानावर व गुरुत्वत्वरणावर अवलंबून असेल असे धरले, तर नुसत्या मितींवरून वस्तुमान गळून पडते आणि काळ लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो हे निश्चित होते. वॉशिंग्टनच्या ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समधील बकिंगहॅम यांनी १९१४ साली या रीतीस सर्वसाधारण सिद्धांताचे रूप दिले. पाहणाऱ्यास ही जादूच वाटते. टोपीतून ससा निघावा तसे उत्तर निघते.

परंतु ससा टोपीत आधी घातला कोणी? हा प्रश्न ब्रिजमन यांनी विचारला हे त्यांचे मोठेपण. परस्परांभोवती फिरणाऱ्या दोन ताऱ्यांचे उदाहरण घ्या. फेरीचा काळ कशावर अवलंबून? वस्तुमानांवर व अंतरावर, असे नवशिका म्हणेल आणि तेथेच अडेल. कारण वस्तुमान व लांबी यांतून काळ निर्माण करता येत नाही. यादीत गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांकही घालावा लागतो. तो घालावयाचा हे कसे कळले? ब्रिजमन स्पष्ट सांगतात की, ज्यास त्या घटनेमागील गतीचे नियम ठाऊक आहेत त्यासच हे कळते. मितींचे शास्त्र अज्ञान्यास ज्ञान देत नाही. जाणत्याने केलेल्या विचाराचाच ते पुन्हा विचार करते.

या प्रश्नाची खरी कसोटी १९१५ सालच्या एका वादात लागली, आणि ग्रंथकाराने त्यास योग्य ते महत्त्व दिले आहे. लॉर्ड रॅले यांनी 'नेचर'मध्ये एक प्रश्न मितींच्या रीतीने सोडविला: वाहत्या द्रवात बुडविलेल्या तप्त वस्तूची उष्णता किती वेगाने निघून जाते? त्यांनी लांबी, काळ, उष्णता व तापमान ही चार एकके स्वतंत्र धरली. निष्पत्ती अशी की, वस्तूचा आकार, प्रवाहाचा वेग, द्रवाची उष्णताधारकता व वाहकता या चार गोष्टींचा प्रभाव एकाच संयुक्त राशीतून व्यक्त होतो. त्यावर रियाबुशिन्स्की यांनी मार्मिक हरकत घेतली. तापमान म्हणजे रेणूंची सरासरी गतिज ऊर्जा हे आपणांस आता ठाऊक आहे; मग तापमान व उष्णता यांस निराळी एकके कशाला? दोन्ही ऊर्जेच्या एककाने मोजा. तसे केले तर स्वतंत्र एकके तीनच उरतात आणि एका राशीऐवजी दोन राशी शिल्लक राहतात. रॅले यांची राशी म्हणजे त्या दोहोंचा गुणाकार. उत्तर पूर्वीपेक्षा ढिले झाले. ज्ञान वाढले आणि उत्तर बिघडले! रॅले यांनी हा विरोधाभास असल्याचे मान्य केले, पण त्याची उकल पुरती केली नाही.

ब्रिजमन यांची उकल त्यांच्या मतास धरूनच आहे. तापमानाची खरी मिती कोणती, हा प्रश्नच निरर्थक. या विशिष्ट घटनेत रेणूंची हालचाल हिशेबात येते काय, एवढेच पाहावयाचे. उष्णतेच्या वहनाच्या समीकरणांत रेणूंचा मागमूस नाही. म्हणून तापमानास स्वतंत्र एकक देण्याची मुभा आहे आणि ती घेणाऱ्यास अधिक नेमके उत्तर मिळते.

उकल बरोबर आहे. परंतु येथेच आमचा ग्रंथकाराशी मतभेद सुरू होतो. रेणू हिशेबात येत नाहीत हे समजले ते समीकरणे हाताशी होती म्हणून. जेथे समीकरणेच ठाऊक नाहीत आणि म्हणूनच या रीतीची खरी गरज आहे, तेथे काय करावे? ब्रिजमन अनुभवाकडे बोट दाखवितात. अनुभवी माणसास कळते हे खरे. पण ते कसे कळते याचे विवेचन ग्रंथात नाही. उदाहरणे बहुतेक अशी निवडली आहेत की त्यांची उत्तरे दुसऱ्या मार्गाने आधीच ठाऊक आहेत. ज्यांची यादी चुकली, आणि चूक प्रयोगानेच उघडकीस आली, अशी दोन-चार उदाहरणे दिली असती तर ग्रंथाचे मोल दुणावले असते. पोहणे शिकविणाऱ्याने बुडणाऱ्यांच्याही गोष्टी सांगाव्यात.

या उणिवेचा परिणाम पुढे दिसून येतो. इंग्रज शास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी अणुबाँबच्या १६ जुलै १९४५ च्या पहिल्या चाचणीची प्रसिद्ध झालेली छायाचित्रे पाहून नुसत्या मितींवरून स्फोटाची शक्ती काढली, अशी आख्यायिका विज्ञानाच्या लोकप्रिय पुस्तकांत हमखास भेटते. ऊर्जा ही हवेची घनता, अग्निगोलाच्या त्रिज्येचा पाचवा घात व काळाचा व्यस्त वर्ग यांच्या प्रमाणात, हे सूत्र मितींवरून निघते यात शंका नाही. परंतु त्या प्रमाणाचा गुणक किती, हे मिती सांगत नाहीत. त्यासाठी टेलर यांनी वायूच्या गतीची समीकरणे युद्धकाळातच कष्टाने सोडविली होती, आणि १९५० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात सुमारे १६,८०० टन टीएनटी हा आकडा त्यांनी दिला तो त्या श्रमाच्या बळावर. शिवाय भोवतालच्या हवेचा दाब यादीतून वगळावा हे त्यांना सुचले. तो दाब यादीत राहता तर सूत्र इतके सुटसुटीत निघाले नसते. आख्यायिकेत गुणक नाही आणि वगळलेला दाबही नाही. उरते ते गारूड.

तसेच १९९९ साली मंगळाजवळ नष्ट झालेल्या अमेरिकन यानाची कथा मितींच्या प्रकरणास जोडण्याची पाठ्यपुस्तकांस सवय लागली आहे. तेथे एका बाजूने पौंडांत व दुसऱ्या बाजूने न्यूटनमध्ये हिशेब झाला. ती चूक एककांची होती. मिती दोहोंकडे एकच होती, आणि मितींची तपासणी कितीही केली असती तरी ती सापडली नसती.

ब्रिजमन यांच्या बाजूने काळाने दिलेली एक साक्ष मात्र नोंदविली पाहिजे. २० मे २०१९ पासून आंतरराष्ट्रीय पद्धतीत तापमानाचे एकक केल्व्हिन हे बोल्ट्झमनचा स्थिरांक निश्चित करून ठरविले जाते: १.३८०६४९ × १०⁻²³ ज्यूल प्रति केल्व्हिन, यात आता मोजमापाचा प्रश्नच उरलेला नाही. तापमानाचे एकक ऊर्जेच्या एककाशी कायमचे जखडले गेले. रियाबुशिन्स्की यांस हवे होते ते जवळजवळ घडले. आणि तरीही केल्व्हिन मूळ एककांच्या यादीत पूर्वीप्रमाणे स्वतंत्रपणे विराजमान आहे, कारण तसे ठेवणे सोयीचे आहे. मिती ही निसर्गाची आज्ञा नसून माणसांनी केलेली व्यवस्था आहे, यास याहून चांगला दाखला ग्रंथकारास मागता आला नसता.

ग्रंथाची भाषा कोरडी पण स्वच्छ आहे. प्रतिपक्षाची बाजू मांडताना लेखक कोठेही कुत्सित होत नाही, हा गुण शास्त्रीय वादांत दुर्मिळ होय. बी.एस्सी.पर्यंतचे गणित ज्यास येते त्यास तो अवघड जाणार नाही. ज्यांस सगळा वाचण्यास सवड नसेल त्यांनी दुसरे, चौथे व पाचवे प्रकरण वाचावे. सातवे प्रकरण लहान प्रतिकृतींवर प्रयोग करणाऱ्या अभियंत्यांच्या कामाचे आहे; आठवे वगळले तरी फारसे बिघडणार नाही, कारण त्यातील पदार्थविज्ञान आता जुने झाले आहे.