थट्टेचे दोन प्रत्यय : विनोदशैली व मनःस्वास्थ्य यांविषयी एक टिपण

रॉड मार्टिन व त्यांचे सहकारी यांनी २००३ साली मांडलेली विनोदशैलींची चतुर्विध विभागणी आता मानसशास्त्रात रूढ झाली आहे. स्नेहवर्धक व आत्मबलवर्धक विनोद मनःस्वास्थ्यास उपकारक, आक्रमक व आत्मावमानकारक विनोद अपायकारक, असे ती स्थूलमानाने धरते आणि ३२ विधानांच्या प्रश्नावलीने व्यक्तीची शैली मोजते. पुढील संशोधनात आक्रमक विनोदाने मात्र दगा दिला. मनःस्वास्थ्याशी त्याचा एकूण संबंध आढळत नाही, असे २०१८ सालच्या एका संकलित परीक्षणात दिसून आले. तो असा का निसटतो, याचे एक उत्तर मराठीच्या प्रत्ययांत सापडण्याजोगे आहे.

आपण कोणा‘शी’ थट्टा करतो आणि कोणा‘ची’ही थट्टा करतो. पहिल्या प्रयोगात समोरचा मनुष्य सहभागी असतो. दुसऱ्यात तो केवळ विषय होऊ शकतो. ‘थट्टा’, ‘मस्करी’ यांना दोन्ही प्रत्यय चालतात. ‘टिंगल’, ‘टवाळी’, ‘उपहास’ यांना ‘शी’ सोसत नाही. ‘मस्करीची कुस्करी’ होते ती हीच सीमा ओलांडल्यावर, आणि तेथे बिघडतो तो प्रसंग, कोणाचा स्वभाव नव्हे.

महाड-पोलादपूर भागातील शक्ती-तुऱ्याचे सामने पाहावेत. चाकरमान्यांबरोबर ते मुंबईच्या नाट्यगृहांतही पोचले आहेत. शक्तीवाला मायेची थोरवी गातो, तुरेवाला पुरुषाची. परंतु श्रोता ताटकळतो तो टोमण्यासाठी. (तत्त्वज्ञान पदरात पडते ते ओघाने.) केवळ शब्द पाहिले तर उभयपक्षी शाहीर आक्रमक ठरावेत. पण टोमण्यामागोमाग प्रतिपक्षाची पाळी येणार, हे दोघेही जाणतात. शब्द ‘ची’चे असले तरी व्यवहार ‘शी’चा असतो. प्रश्नावलीला हे दिसत नाही, कारण तीत उत्तर देणारा ‘मी’ आहे. उलट उत्तर देणारा ‘तू’ नाही.

उलट उत्तराचा हा अधिकार सर्वांस सारखा असतो, असे मात्र समजू नये. ज्या महाडात २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, तेथे तर हे गृहीत धरणे धाडसाचेच होईल. दुबळ्याने वरिष्ठांसमोर स्वतःला हास्यास्पद करून घेणे ही ‘शैली’ मानावयाची की संरक्षण? ज्याला दुसरी वाटच नाही, त्याचे हसणे व्यक्तिगत दोष म्हणून नोंदणे मला अन्यायाचे वाटते.

हा वाद केवळ शब्दांचा नाही. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. अशा गावी समुपदेशक अनुवादित प्रश्नावली घेऊन गेला आणि वाचलेल्यांपैकी कोणी स्वतःच्या नशिबाची थट्टा केली, तर तिची गणना कोणत्या रकान्यात व्हावी? अनुवादकाने निदान प्रत्येक विधानापुढे एक उपप्रश्न जोडावा : हे तुम्ही कोणासमोर बोलता, आणि तो तुम्हांला काय उत्तर देतो?